पासष्ट वर्षांची आठवण: फेरो बेटांवरचा गोवर, १८४६

गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, हे आपल्याकडच्या आज्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. पण हे खरं का आणि कशामुळे, ते तपासायला गेलं की पंचाईत होते. लस येण्यापूर्वीच्या मोठ्या शहरात गोवर दर दोन-तीन वर्षांनी डोकं वर काढायचाच. तिथल्या सत्तरीच्या आजोबांना गोवर होत नाही, याची तीन कारणं संभवतात. लहानपणच्या दुखण्याची शरीराला अजून आठवण असेल. किंवा घरात नातवंडं गोवराने पडत असल्यामुळे ती आठवण पुन्हा पुन्हा ताजी होत असेल. किंवा मुळात म्हातारपणी गोवर होतच नसेल. ही तीन कारणं एकमेकांपासून सोडवायची तर एक विलक्षण समाज हवा: एकदा गोवराची साथ येऊन गेलेला, मग एका माणसाच्या आयुष्याएवढा काळ गोवराचं तोंडही न पाहिलेला, आणि मग अचानक पुन्हा साथीत सापडलेला. असा प्रयोग कोणी ठरवून करू शकत नाही. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर तो आपोआप झाला, आणि सुदैवाने नोंदी ठेवणारा एक तरुण डॉक्टर तिथे पोहोचला.

फेरो बेटं स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधोमध आहेत, आणि तेव्हाही डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होती. वस्ती असलेली बेटं सतरा, सगळी मिळून माणसं ७,७८२. उभे कडे, धुकं, मेंढ्या आणि मासेमारी. व्यापारावर डॅनिश सरकारची मक्तेदारी होती (ती १८५६ साली उठली), त्यामुळे बाहेरची जहाजं मोजकीच येत. १७८१ मध्ये इथे गोवराची साथ आली होती. त्यानंतर पासष्ट वर्षं एकही नाही.

यात नवल नाही. गोवराचा विषाणू फक्त माणसातच टिकतो. जनावरांत त्याला आसरा नाही आणि बरा झालेला माणूस तो वर्षानुवर्षं वाहतही नाही. म्हणजे दर दोनेक आठवड्यांनी त्याला नवा, गोवर न झालेला माणूस मिळायलाच हवा. एकदा साखळी तुटली की संपलं. मॉरिस बार्टलेट या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये शहरांच्या आकड्यांवरून हिशेब मांडला, की गोवर न तुटता नांदायचा तर एका जागी साधारण अडीच-तीन लाख लोक हवेत, तेव्हा कुठे पुरेशी नवी बाळं जन्माला येतात. आठ हजारांच्या आतल्या फेरोवर तो दर वेळी बाहेरूनच यायला हवा होता.

तो आला एका सुताराबरोबर. २० मार्च १८४६ रोजी हा माणूस कोपनहेगनहून निघाला आणि २८ तारखेला तोर्शाव्न या मुख्य गावी उतरला. निघण्यापूर्वी तो गोवराच्या रुग्णांना भेटून आला होता. जहाजावर ठणठणीत. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच्या अंगावर पुरळ उठलं आणि त्याच्यामागोमाग आजारी पडले ते त्याचे दोन जवळचे मित्र. पुढच्या साधारण सहा महिन्यांत ७,७८२ पैकी सहा हजारांहून अधिक लोकांना गोवर झाला.

इथे जरा थांबून तारखा पाहाव्यात. सुतार आठ दिवसांचा समुद्रप्रवास करून धडधाकट उतरला, यातच सगळी मेख आहे. पटकीसारखा झटपट आडवा करणारा रोग असता तर तो वाटेतच पडला असता आणि बंदरावर कोणी त्याला उतरू दिलं नसतं. गोवराने आठ-दहा दिवस गप्प बसण्याची सोय करून ठेवली आहे. तेव्हाच्या जहाजाला उत्तर समुद्र ओलांडायला तेवढेच दिवस लागायचे.

डॅनिश सरकारने दोन तरुण डॉक्टर पाठवले: पेटर लुडविग पानुम आणि ऑगस्ट हेन्रिक मानिकुस. पानुम तेव्हा पंचवीस वर्षांचा, वर्षभरापूर्वीच वैद्यकीची परीक्षा दिलेला. औषध म्हणून त्याच्या हाती फारसं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही गोवराच्या विषाणूवर नेमकं औषध नाही. पण त्याला प्रश्न विचारायची आणि तारखा लिहून ठेवायची सवय होती. होडीतून आणि पायी तो गावोगाव हिंडला. फेरोची गावं म्हणजे प्रत्येक खाडीच्या तोंडाशी एक, मधे डोंगर किंवा खवळलेलं पाणी. एका गावातून दुसऱ्या गावात कोण कधी गेलं, हे तिथल्या लोकांच्या चांगलं लक्षात असायचं, कारण जाणं हेच मुळात मोठं काम होतं. कोपनहेगनच्या गल्लीत कोणाला कोणापासून रोग लागला हे कोणी सांगू शकलं नसतं. फेरोत सांगता येत होतं.

त्याच्या नोंदींपैकी च्योर्नुविक गावाची नोंद मला सगळ्यांत पक्की वाटते. हे गाव स्ट्रेमोय बेटाच्या उत्तर टोकाला, बाकी जगापासून तुटलेलं. फेरोत देवमाशांचा कळप, तिथल्या भाषेत ‘ग्रिंड’, किनाऱ्याजवळ दिसला की आसपासच्या गावांतले पुरुष होड्या घेऊन धावतात. कळपाला खाडीत रेटून मारतात आणि मांस वाटून घेतात. ४ जून १८४६ रोजी वेस्टमान्ना इथे अशीच शिकार झाली. च्योर्नुविकची एक होडी गेली, दहा माणसं बसून. वेस्टमान्नात तेव्हा गोवर होता. दहाही जण घरी परतले, नेहमीच्या कामाला लागले. मग १८ जूनला, म्हणजे चौदाव्या दिवशी, दहाच्या दहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं. त्याआधी दोन ते चार दिवस त्यांना बरं वाटत नव्हतं. गावात तेव्हा दुसऱ्या कोणालाही काही नव्हतं. आणखी साधारण तेवढेच दिवस गेले आणि गावातले बाकीचे जवळजवळ सगळे एकदम अंथरुणाला खिळले.

दहा माणसं, संसर्गाचा एकच दिवस, पुरळाचा एकच दिवस. आज एखाद्या संशोधकाने असा आराखडा मांडला तर नैतिकता समिती त्याला दारातूनच परत पाठवेल.

पानुमने हाच हिशेब उलटा वापरायला सुरुवात केली. नव्या गावात गेला की विचारायचा, पहिलं पुरळ कधी उठलं? मग पंचांग काढून तेरा-चौदा दिवस मागे मोजायचा, त्या तारखेवर खूण करायचा आणि विचारायचा, या दिवशी तुमच्यापैकी कोण बाहेरच्या गोवराच्या घरी गेलं होतं? लोक आधी नाही म्हणायचे. मग कोणाला तरी आठवायचं, अरे, त्या दिवशी तर अमका तमक्या गावी गेला होता. काही ठिकाणी लोकांना वाटलं की या डॉक्टरला भविष्य कळतं.

हे चौदा दिवस इतके नेमके का, हे पानुमला कळणं शक्य नव्हतं. विषाणू हाती लागायला १९५४ उजाडलं. तेव्हा जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी तो बोस्टनजवळच्या शाळेतल्या एका मुलाच्या रक्तातून वेगळा करून वाढवला. आज आपल्याला त्या पंधरवड्याचा बराचसा रोजनामचा लिहिता येतो, आणि तो वाचला की च्योर्नुविकच्या दहा माणसांकडे बघण्याची नजर बदलते.

विषाणू श्वासाबरोबर आत येतो. श्वासमार्गाच्या अस्तरात तो लगेच घर करत असेल असं वाटतं, पण तसं होत नाही. त्या पेशींच्या हवेकडच्या अंगाला त्याला पकड घेण्याजोगं काही नसतं. तो धरतो सीडी-१५० नावाचं प्रथिन, आणि ते असतं रोगप्रतिकार यंत्रणेच्याच पेशींवर. फुफ्फुसात येणारा-जाणारा कचरा तपासत फिरणाऱ्या ज्या भक्षक पेशी, नेमक्या त्यांच्यात तो शिरतो. त्या पेशींचं कामच असतं की सापडलेली वस्तू जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन दाखवायची. त्या त्याला तिथे नेतात. ग्रंथीत बी आणि टी या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची दाटी असते, आणि त्यांतही जुन्या रोगांची आठवण जपणाऱ्या पेशींवर सीडी-१५० भरपूर असतं. विषाणू त्यांच्यात वाढतो आणि त्यांच्याच पाठीवर बसून रक्तातून प्लीहेपर्यंत, आतड्यांपर्यंत, त्वचेपर्यंत जातो. पेशीला विषाणूची चाहूल लागली की ती इंटरफेरॉन सोडून आजूबाजूला इशारा देते. गोवराकडे हा इशारा दाबून टाकणारी स्वतःची प्रथिनं आहेत. म्हणून पहिले आठ-दहा दिवस माणसाला साधी कणकणही नसते. ४ जूनला घरी परतलेली ती दहा माणसं आठवडाभर मासे मारत होती, तेव्हा त्यांच्या अंगात हे सगळं चालू होतं.

मग विषाणू श्वासमार्गाकडे परततो, पण आतून, रक्ताच्या बाजूने. अस्तराच्या पेशींच्या या अंगाला नेक्टिन-४ नावाचं दुसरं प्रथिन असतं, ते त्याला चालतं. पेशींत वाढून तो हवेच्या बाजूला बाहेर पडतो. खोकला, शिंका, वाहतं नाक, लाल डोळे. ज्या जागी खोकल्याने सगळ्यांत जास्त फवारा उडेल तिथेच तो शेवटी येऊन बसतो. बंद खोलीत त्याचे कण हवेत दोन तासांपर्यंत तरंगत राहू शकतात. रुग्ण उठून गेल्यावर आत आलेल्या माणसालाही लागण होते. गोवर न झालेल्या लोकांत एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना तो देतो असं मानतात. इतकी लागट दुसरी दुखणी बोटांवर मोजण्याइतकीच.

आणि शेवटी पुरळ. पुष्कळांची समजूत अशी की ‘आतला गोवर बाहेर पडला’ म्हणजे रोग बाहेर आला. खरं तर तो शरीराचा प्रतिहल्ला आहे. टी पेशींची फौज तयार होऊन त्वचेतल्या विषाणूबाधित पेशींवर तुटून पडते, तिथे रक्तवाहिन्या फुलतात आणि अंग लाल होतं. याला निसर्गानेच पुरावा पुरवला आहे. ज्या मुलांना जन्मतः प्रतिपिंडं (विषाणूला चिकटून त्याला अडवणारी रक्तातली प्रथिनं) तयारच करता येत नाहीत, त्यांना गोवर झाला तर इतरांसारखंच पुरळ उठतं आणि ती बरीही होतात. ज्यांच्या टी पेशी निकामी असतात त्यांना पुरळ कधी कधी उठतच नाही, आणि त्यांच्या फुफ्फुसात विषाणू मोकाट सुटतो. चालू आजार संपवतात त्या टी पेशी. प्रतिपिंडांचं काम मुख्यतः पुढच्या वेळेचं.

पानुमचं एक अनुमान मात्र जरा सरकलेलं होतं. एका घरातल्या पहिल्या पुरळापासून दुसऱ्या पुरळापर्यंत दोन आठवडे जातात असं दिसल्यावर त्याने ठरवलं की रोग लागतो तो पुरळ उठतानाच्या सुमारास. आज आपण धरतो की पुरळाच्या चार दिवस आधीपासून ते चार दिवस नंतरपर्यंत रुग्ण रोग पसरवतो. तो नुसता सर्दी-तापाचा वाटतो ते आधीचे दिवस जास्त धोक्याचे, कारण तेव्हा तो घरात झोपून नसतो.

तरी त्याने जो मोठा वाद त्या बेटांवर निकाली काढला, तो त्याच्या काळात लहानसहान नव्हता. १८४६ मध्ये युरोपातले बरेच शहाणे डॉक्टर साथी दूषित हवेतून, जमिनीतून निघणाऱ्या वाफांतून येतात असं मानत. फेरोत सगळ्या गावांवर धुकं एकच, वारा एकच, कुजणारं मांस आणि शेणही सारखंच. तरी गोवर गेला तो होड्यांच्या वाटेने. ज्या गावांनी बाहेरच्या माणसांना उतरू दिलं नाही, ती वाचली. साथीतून सुटलेले दीडएक हजार लोक बहुतांशी अशा दार लावून बसलेल्या गावांतले होते. पानुमने स्पष्ट लिहिलं की गोवर फक्त माणसाकडून माणसाला जातो, आपोआप उगवत नाही. कोपनहेगनला परतल्यावर १८४७ मध्ये त्याने हा अहवाल छापला. कॉलरा पाण्यातून पसरतो असं सांगणाऱ्या जॉन स्नो या डॉक्टरच्या आग्रहाने लंडनमधल्या पाण्याच्या पंपाचा दांडा निघायला अजून सात वर्षं होती.

आता म्हाताऱ्यांकडे येऊ. १७८१ च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर झाला होता असे बरेच लोक १८४६ मध्ये हयात होते, सगळे पासष्टीच्या पुढचे. पानुमने अशी ९८ माणसं स्वतः पाहिली. शेजारीपाजारी, मुलं, सुना, नातवंडं एकजात आजारी असताना त्यांच्यापैकी एकालाही दुसऱ्यांदा गोवर झाला नाही. म्हातारपणामुळेच ते सुटले असतील का? नाही, कारण १७८१ मध्ये ज्यांना गोवर चुकला होता असेही वृद्ध होते आणि साथीच्या तावडीत आल्यावर ते पडले. आणि मधल्या काळात बेटांवर गोवर नव्हताच, म्हणजे आठवण ताजी व्हायला वावच नव्हता. सुरुवातीच्या तीन कारणांपैकी दोन इथे गळतात. बालपणीची एक भेट पासष्ट वर्षं पुरली.

ती पुरते कशी? आजार ओसरताना काही बी पेशी प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींत बदलतात आणि अस्थिमज्जेत जाऊन बसतात. तिथे त्या दशकानुदशकं, विषाणू पुन्हा न दिसताही, थोडी थोडी प्रतिपिंडं रक्तात सोडत राहतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या संशोधकांनी ४५ जणांच्या रक्ताचे जुने-नवे नमुने तपासले, काहींचे सव्वीस वर्षांच्या अंतराचे. धनुर्वाताची प्रतिपिंडं अकरा वर्षांत निम्मी होतात. गोवराची निम्मी व्हायला लागणारा काळ निघाला तीन हजार वर्षांच्या वर. हा आकडा अर्थातच गणिताची गंमत आहे. त्याचा अर्थ एवढाच की मोजण्याइतकी घट होतच नव्हती.

दुसरी अर्धी गोष्ट विषाणूकडची आहे. इन्फ्लुएन्झा दरवर्षी रूप बदलतो, म्हणून त्याची जुनी आठवण लवकर कुचकामी ठरते. गोवराच्या ज्या प्रथिनाने सीडी-१५० आणि नेक्टिन-४ धरायचं असतं, त्याच प्रथिनाला आपली महत्त्वाची प्रतिपिंडं चिकटतात. तिथे फार बदल केला तर त्याला पेशीत शिरताच येत नाही. १७८१ च्या मुलांनी ओळखून ठेवलेला गोवर १८४६ मध्येही ओळखू आला तो यामुळे.

फेरोत मेले कोण, हेही सांगायला हवं. मधल्या वयाच्या लोकांनी साथ बऱ्यापैकी झेलली. मृत्यू जास्त झाले ते वर्षाच्या आतल्या बाळांत आणि पन्नाशीपुढच्या, आधी गोवर न झालेल्या लोकांत. बाळांचं कारण आज उलगडतं. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. पण १८४६ मधल्या फेरोतल्या आया १७८१ नंतर जन्मलेल्या, त्यांना स्वतःलाच कधी गोवर झालेला नव्हता. द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. शिवाय बाळाला ताप आला त्याच आठवड्यात आईही तापात, बापही तापात.

एक गोष्ट मात्र पानुमच्या वहीत उतरणं शक्यच नव्हतं, कारण ती साथ संपल्यावर सुरू होते. गोवराचा विषाणू आठवण जपणाऱ्या पेशींतच वाढतो आणि टी पेशी त्या बाधित पेशी मारतात, हे वर आलंच. म्हणजे गोवर बरा होताना दुसऱ्या रोगांच्या आठवणीही त्याबरोबर जातात. याची पहिली चाहूल १९०८ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांना लागली: क्षयाच्या चाचणीला त्वचेवर प्रतिसाद देणारी मुलं गोवर झाला की काही काळ प्रतिसाद देईनाशी होत. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं. इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. लस घेतलेल्या मुलांत असं काही झालं नाही. गोवर स्वतःची आठवण जन्मभराची ठेवून जातो आणि बाकीच्यांच्या पुसून जातो; मला या विषाणूत याहून विचित्र काही वाटत नाही. गोवरानंतरचे महिनोन्‌महिने मूल ‘उठत नाही’, सारखं छातीने आणि पोटाने आजारी पडतं, असं जुन्या बायका म्हणत, त्यामागे हेही आहे.

लसीचं गणितही फेरोच्या बाळांपाशीच येऊन थांबतं. एंडर्सच्या प्रयोगशाळेतल्या त्याच विषाणूला दुबळा करत करत १९६३ मध्ये पहिली लस आली; त्याचाच एडमन्स्टन-झाग्रेब हा वंशज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीत आहे आणि ती जगभरातल्या मुलांना टोचली जाते. भारतात तिची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर देतात. आधी का नाही? कारण आईची उतरलेली प्रतिपिंडं लसीतल्या दुबळ्या विषाणूलाही मारतात आणि बाळाची स्वतःची यंत्रणा काही शिकतच नाही. उशीर करावा तर मधल्या महिन्यांत बाळ उघडं पडतं. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवर पसरला तेव्हा नेमका हाच पेच उभा राहिला, कारण नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडू लागली. अशा वस्त्यांसाठी सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांना एक जादा मात्रा देण्याचा निर्णय झाला. तिला शून्य मात्रा म्हणतात, कारण ती हिशेबात धरत नाहीत. सहाव्या महिन्यात टोचलेल्या बाळाला नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, अशा दोन्ही मात्रा नव्याने घ्याव्या लागतात.